दुसरी हाक

१

झोपायच्या आधी मी नळ बघतो, गॅस बघतो, दाराची कडी बघतो. मग आडवा होतो. आडवा झालो की वाटतं, नळ नीट बघितला नाही. उठतो. नळ बंदच असतो, त्याला काय धाड भरली आहे! परत पाठ टेकली की छातीत धडधड सुरू. गॅसचं काय? असं करत एक वाजतो. पुढं बघायला काही उरत नाही, मग छताकडे बघतो.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड पाहिजे. चव्वेचाळीस वर्षं मी गाद्या शिवल्या. एकदा एक टायवाला माणूस गादी परत घेऊन आला. म्हणाला, "या गादीवर झोप लागत नाही हो." मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर झापलं. "गादीला नावं ठेवू नका साहेब. मन साफ ठेवा, फरशीवरही झोप लागेल." लोक हसले. तो गुपचूप गादी घेऊन गेला. मला फार बरं वाटलं होतं.

आता रात्री तीन वाजता मला तो टायवाला आठवतो.

आमचं घर म्हणजे खाली दुकान आणि वर तीन खोल्या. पुढची अक्काची, मधली माझी, मागे स्वयंपाकघर. तिन्हींची दारं एका अरुंद बोळात उघडतात, आणि जिना बोळाच्या मागच्या टोकाला. अक्का माझी थोरली बहीण. वय शहात्तर, दमेकरी. आठ महिन्यांपूर्वी माझी बायको गेली, तेव्हा ही बॅग घेऊन आली ती राहिलीच. मी एकाहत्तरचा झालो तरी तिला मी बारक्याच. चालायचं. तिच्या तोंडाला कोण लागणार?

२

शेजारी एक बस ड्रायव्हर राहतो. त्याची आणि माझी भिंत एक. एका सकाळी तो जिन्यात भेटला, दात घासत.

"काका, रात्री घोरत होता की लाकडं कापत होता?"

"कोण घोरतंय?"

"कोण म्हणजे? तुमच्या बाजूनं काय मी घोरणार? घोरा हो, वयाला शोभतं. फक्त जरा कुशीवर वळत जा. मला पहाटे बस काढायची असते. माझा डोळा लागला तर चाळीस माणसं नाल्यात."

मी त्या रात्री पापणीला पापणी लावली नव्हती. पहाटे पेपर पडला त्याचा आवाज ऐकला होता. कुत्री किती वेळा भुंकली तेही सांगितलं असतं.

पण खरं सांगायचं तर मला आत कुठंतरी बरं वाटलं. आपल्याला झोप लागते असं लोकांना वाटतंय, मग वाटू दे की. गादीवाल्याची अब्रू राहिली. मी म्हणालो, "गादी माझ्या हातची आहे. झोप लागणारच."

वर आलो तर अक्का म्हणाली, "खरंच घोरतोस बाबा. पण मला बरं वाटतं. घरात एक तरी माणूस झोपतंय म्हणायचं."

मी चहा प्यायलो. दोघांना एकदमच कसा भास होईल, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शिरलं असेल तर मी बाहेर हाकललं.

३

अक्काला घेऊन डॉक्टरीणबाईकडे गेलो होतो. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर. तिनं अक्काची छाती तपासली, नवा पंप लिहून दिला आणि मान माझ्याकडे वळवली.

"आजोबा, डोळे लाल आहेत तुमचे. झोप लागते का?"

"छान लागते."

"याला?" अक्का म्हणाली. "याला कसली काळजी! रात्रभर सूर लावून असतो."

डॉक्टरीणबाई हसली नाही. अक्का बाहेर गेल्यावर तिनं दार लावलं. "आता सांगा."

मी फार काही सांगितलं नाही. नळ, गॅस, धडधड एवढंच सांगितलं. तेवढं बोलतानाही कान तापले. चोरी पकडल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, लाज कसली त्यात, पुष्कळांना होतं, बायको जाऊन वर्षही झालं नाही. मग नियम दिले. दुपारनंतर चहा बंद. रात्री फोन घेऊन बसायचं नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. आडवं झाल्यावर थोड्या वेळात डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही. उठायचं, दुसऱ्या खोलीत बसायचं, पेंग आली तरच परत यायचं. "अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा नव्हे आजोबा, ते शरीराला कळलं पाहिजे." आणि एक छापील तक्ता दिला. रोज किती वाजता आडवा झालो, किती तास झोपलो, ते लिहून आणायचं.

बाई शहाणी होती. मीच गाढव. पहिल्याच दिवशी मी तक्त्यात लिहिलं, सहा तास. दुसऱ्या दिवशी साडेसहा. बोळातून येता-जाता अक्काला दिसेल असा तो कागद मी दाराला टाचला. बाकीचे नियम मात्र खरे पाळले. घड्याळ फिरवलं. चहा सोडला. आणि तळमळत पडायचं नाही म्हणून पहिल्यांदाच रात्री अंथरुणातून उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

४

स्वयंपाकघरात दिवा लावला नव्हता. रस्त्यावरचा उजेड ओट्यापर्यंत येतो. स्टुलावर बसून मी श्वास मोजत होतो. चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर. हेही बाईनंच शिकवलं होतं. बरं चाललं होतं. धडधड खाली बसत होती.

तेव्हा माझ्या खोलीत कुणीतरी घोरलं.

मी मोजणं थांबवलं नाही. वेडाच आहे मी. सातपर्यंत गेलो, आठपर्यंत गेलो, मग लक्षात आलं.

ड्रायव्हर असेल, भिंतीतून येत असेल. पण त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती. पाण्याचा पाइप असेल. पाइप गुरगुरतो, पण पाइप श्वास सोडत नाही. अक्का असेल. अक्काची छाती शिट्टी वाजवते, घोरत नाही, आणि तिची खोली पलीकडे आहे. हा आवाज अलीकडून येत होता.

मी उठून बोळात गेलो. माझं दार मी उघडं ठेवलं होतं, ते उघडंच होतं. दारापर्यंत चार पावलं. दोन टाकली. आवाज चालू होता. लांब, जड, आणि शेवटी नाकातून बारीक फुसकारा. परत लांब, जड, फुसकारा. गादी शिवताना टाका पडतो तसा, एकाच अंतरावर.

मी परत येऊन स्टुलावर बसलो. एकाहत्तर वर्षांचा बाप्या, स्वतःच्या खोलीत जायला घाबरलो. उजाडल्यावर गेलो. अंथरूण जसं सोडलं होतं तसं होतं. हात लावून बघायला पाहिजे होता. नाही लावला.

तक्त्यात लिहिलं, सात तास.

५

मी शिकलेला नाही, पण डोकं आहे. मी विचार केला, माणसाला झोप लागते आणि स्वप्नात तो जागा असतो, असंही होत असेल. मी अंथरुणातच घोरत असेन आणि स्वयंपाकघर स्वप्नात बघत असेन. मग एवढं घाबरायचं कारण नाही.

हे तपासायचं तर काम पाहिजे. काम खोटं बोलत नाही. संध्याकाळी दुकानातून कापूस, खोळ आणि दाभण वर आणलं. दाभण म्हणजे आमची गादीची मोठी सुई. रात्री स्वयंपाकघरात बसून खुर्चीची एक उशी शिवायला घेतली. स्वप्नातली उशी सकाळी हाताला लागत नाही, असा हिशोब.

आवाज दोनच्या सुमाराला सुरू झाला असावा. मी मान वर केली नाही. दाभण घालायची, दोरा ओढायचा, गाठ मारायची. हात थरथरत होते. एकदा दाभण अंगठ्यात गेली. रक्त आलं, तरी शिवत राहिलो. उजाडलं तेव्हा उशी मांडीवर होती. चार ओळी, प्रत्येकीत चार टाके, कडेला रक्ताचा डाग. म्हणजे मी जागा होतो.

अक्का उठून आली ती भिंतीला धरून. चेहरा पांढरा पडला होता.

"मेल्या, किती हाका मारल्या तुला!"

"कधी?"

"कधी म्हणजे! रात्री श्वास अडकला. पंप पलंगाखाली घरंगळला, मला वाकता येईना. बारक्या, बारक्या करून घसा सुकला. तू आपला ढाराढूर. शेवटी काठीनं ओढला मी तो पंप."

"अक्का, मला ऐकू नाही आलं."

"कसं येणार? एवढं घोरत होतास की माझा आवाज मलाच ऐकू येईना." मग तिला माझ्या अंगठ्याची चिंधी दिसली. "हे काय लागलं?"

"काही नाही."

"तुझं काही नाहीच असतं नेहमी," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली. नव्या उशीवर. कुठून आली म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मी दाराआड, पंधरा पावलांवर, टक्क जागा होतो. तिची हाक मधल्या खोलीपर्यंत आली आणि त्या आवाजाखाली दबली. तिनं काठी वापरली म्हणून ती आज होती. पुढच्या वेळी काठी हाताशी नसली तर?

६

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

ते घोरणं माझं होतं. स्वतःचं घोरणं माणसाला ऐकू येत नाही, मग मी ते ओळखलं कसं? मी ते एकदा जागेपणी घोरलो होतो, म्हणून. खरं घोरणं वेडंवाकडं असतं. मध्येच अडतं, चुकतं, गचके खातं. हे एकसारखं होतं. आणि तो शेवटचा फुसकारा, तो मी मुद्दाम घातला होता. खरं वाटावं म्हणून.

बायको गेली त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकासमोर ती म्हणाली होती, "यांचे हात आता थरथरतात. टाके सैल पडतात. दोरा ओढून बघा आणि मगच पैसे द्या." खरं बोलली होती. खरंच बोलायची नेहमी. पण परक्या माणसासमोर! मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. जेवताना बोललो नाही. रात्री तिच्याकडे पाठ करून, पांघरूण कानापर्यंत ओढून पडलो.

कधीतरी ती म्हणाली, "अहो, जागे आहात का?"

हळू म्हणाली. मी जागा होतो. रागानं कुठं झोप लागते? मी घोरायला लागलो.

मनात ठरवलं होतं, दुसऱ्यांदा विचारू दे, मग बोलू. एकदा विचारलं की लगेच उठायला मी काय तिचा नोकर आहे? दुसऱ्यांदा विचारलं की वळायचं, काय गं म्हणायचं. मी घोरत वाट बघत राहिलो. तिनं विचारलं नाही. मला वाटलं, म्हणजे विशेष काही नसेल. पाणीबिणी पाहिजे असेल. वाट बघता बघता मला खरीच झोप लागली. ती माझी शेवटची झोप म्हणायची.

सकाळी तिचा हात गार होता.

लोक भेटायला आले. म्हणाले, झोपेत गेली, भाग्याची. तुम्हाला कळलंही नाही ना? मी म्हणालो, नाही, मला गाढ झोप लागली होती. प्रत्येकाला सांगितलं. अक्काला दोनदा सांगितलं. तिनं पाठीवरून हात फिरवला तेव्हा फरशी फाटली असती तर बरं झालं असतं.

मी एकच धरून बसलो होतो. तिनं एकदाच हाक मारली. खरंच त्रास होत असता तर परत मारली असती.

७

अक्काचा श्वास अडकला होता त्याच दिवशी संध्याकाळी मी माझी खुर्ची तिच्या पलंगाशी नेली.

"हे काय नवीन?"

"तुझ्या खोलीत हवा बरी आहे."

"हवा! इथं बसून घोरणार म्हणजे. बस बाबा. निदान हात लांब करून ढोसता तरी येईल."

ती थोडी बोलली, मग डोळे मिटले. मी पंप तिच्या हाताशी ठेवला. काठी ठेवली. पाणी ठेवलं. छातीत धडधड होतीच, पण त्या रात्री मला नळ बघावासा वाटला नाही. ती हाक मारेल आणि मी ओ देईन, एवढंच डोक्यात होतं.

घोरणं सुरू झालं.

भिंतीपलीकडे माझी खोली. लांब, जड, फुसकारा. मी अक्काच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे. मी सरळ बसलेला, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बारक्या, तू इथं आहेस ना?"

"आहे."

"मग..."

तिनं माझं मनगट धरलं आणि तिचा श्वास वर गेला तो खाली येईना. मी पंप तोंडात धरून दाबला. एकदा, दोनदा, चारदा. फरक पडेना. ओठ निळे व्हायला लागले. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायला हवा होता. ड्रायव्हर गाडीवर गेलेला. आणि माझा फोन माझ्या खोलीत, उशाशी, चार्जिंगला लावलेला. नियम होता ना, फोन घेऊन बसायचं नाही. मी तो तिथंच ठेवला होता, रोजच्यासारखा.

मनगट सोडवून घेतलं आणि बोळात गेलो.

दार उघडं होतं. रस्त्याचा उजेड पलंगाच्या अर्ध्यापर्यंत आला होता. अंथरुणात कुणीतरी होतं. पाठ दाराकडे. पांघरूण कानापर्यंत ओढलेलं. पांघरूण वर होत होतं, खाली होत होतं. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही. ती पाठ माझी होती का, ते माझी बायकोच सांगू शकली असती. अडतीस वर्षं तिनंच बघितली.

फोनपर्यंत जायचं तर त्या उशीवरून हात न्यावा लागणार होता. मागून अक्काची शिट्टी ऐकू येत होती, बारीक होत चाललेली. काहीतरी बोलायचं म्हणून, किंवा वेळ काढायचा म्हणून, देव जाणे, मी हळूच म्हणालो,

"अरे, जागा आहेस का?"

घोरणं थांबलं.

एका श्वासापुरतं. पांघरूण वर गेलं होतं ते तसंच वर राहिलं. तो ऐकत होता. मग परत सुरू झालं, आधीपेक्षा थोडं मोठ्यानं. शेवटी फुसकारा.

त्या एका श्वासात मला सगळं समजलं. माझंही तसंच थांबलं असणार. झोपलेल्या माणसाचं घोरणं हाकेनं दचकत नाही, आणि ती माझ्याशेजारी अडतीस वर्षं झोपलेली बाई होती. तिला कळलं होतं. मी जागा आहे, ऐकतोय आणि ओ देत नाही, हे कळलं, म्हणून तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. अंधारात माझ्या पाठीकडे बघत पडून राहिली असेल. किती वेळ, ते मला माहीत नाही.

मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढं झालो. त्या उशीवरून हात नेला. कापूस तापल्याचा वास येत होता आणि माझ्या मनगटाला गरम श्वास लागला. फोन उचलला. त्यानं मान वळवली नाही. मीही वाकून बघितलं नाही.

८

दोन माणसं आली, स्ट्रेचर घेऊन. चांगली पोरं होती. अक्काच्या तोंडाला मास्क लावला, नळी जोडली, आणि थोड्या वेळात तिची छाती हलायला लागली. एक जण म्हणाला, "वेळेवर फोन केलात आजोबा."

मी तिचा पंप खिशात टाकला.

स्ट्रेचर बोळातून काढताना ते मधल्या खोलीशी अडलं. पुढच्यानं कान टवकारला. मग दुसऱ्याकडे बघून हसला.

"आजोबा, आत कोण झोपलंय? एवढा गोंधळ चाललाय, पत्ताच नाही त्यांना! उठवा की. सोबत येऊ देत, तुम्ही एकटे कुठं धावपळ करणार?"

मास्कच्या वरून अक्का माझ्याकडे बघत होती. तिनं ते ऐकलं होतं. बायको गेली तेव्हा गाढ झोपलो होतो असं जे मी लोकांना सांगत आलो, तेही तिला आठवत असणार. मी हात पुढं करून दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. आतला आवाज कमी झाला नाही.

"चला," मी म्हणालो. "तो उठायचा नाही."

"एवढी गाढ झोप?"

"झोपला असता तर उठवला असता."